संमती बाकी

१

बेकरीवाल्याने कॅसेट टेबलावर ठेवली, पण हात काही तिच्यावरून काढला नाही.

"साहेब, चोरी झालीय," तो म्हणाला.

"काय गेलं?"

"बायकोचा आवाज."

समोर बसलेल्या अपील अधिकाऱ्याला खात्यात सगळे खोडरबर म्हणत. तोंडावर नाही अर्थात, तोंडावर साहेब. कायदा असा होता की सरकारी दप्तरातली कुठलीही गोष्ट कुणालाही मागता यावी, आणि तिच्यात तिसऱ्याच कुणाचं खासगी काही असेल तर तेवढंच झाकून बाकीची द्यावी. आता झाकायची मुभा मिळाली की माणसाचा हात सुटतो. खात्यातले लोक नावं झाकत, पत्ते झाकत, लहर आली तर तारखाही झाकत, आणि मग चिडलेला अर्जदार खोडरबरकडे यायचा. हा गृहस्थ एकेक काळा पट्टा खरवडत बसायचा आणि विचारायचा, "हे झाकून कुणाचं भलं झालं?" त्यामुळे खात्यात त्याला मित्र बेताचेच होते.

"नीट सांगा," तो म्हणाला.

बेकरीवाल्याने सांगितलं. बरीच वर्षं झाली होती. त्याची बायको एका बस स्टॉपवर छातीत कळ येऊन कोसळली. तिथल्याच फोन बूथमधून कुणा अनोळखी बाईने रुग्णवाहिका बोलावली आणि गाडी येईपर्यंत तिच्याजवळ बसून राहिली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. ती बाई कोण, कुठली, कधीच कळलं नाही. आणि आता परवा परवा त्याला कुणीतरी सांगितलं की असे फोन टेप होतात आणि टेपा जपून ठेवतात. त्याने अर्ज केला. टपालाने कॅसेट आली.

"मला त्या बाईचं नाव नकोय साहेब. तिला त्रास द्यायचा नाहीये. बायकोचे फोटो आहेत माझ्याकडे, अल्बम भरून. पण आवाज नाही. आम्ही दोघं पहाटेपासून भट्टीपुढे, आवाज कोण टेप करत बसतंय? आता आठवायला जातो तर मला माझाच आवाज ऐकू येतो, तिची वाक्यं म्हणताना."

खोडरबरने उगाच टेबलावरचा कागद सरळ केला. त्याच्या आईचा चेहरा घरी भिंतीवर होता, पण ती हाक कशी मारायची ते त्याला काही केल्या आठवत नसे. हे त्याने आजवर कुणापाशी बोलून दाखवलं नव्हतं.

त्याने कॅसेट लावली.

फोन करणारीचा आवाज नियमाप्रमाणे यंत्रातून काढून जाडाभरडा केलेला होता. नाव विचारलं, तिथे बीप. पत्ता विचारला, तिथे बीप. मग: "बाई पडल्यात इथे. शुद्ध आहे. लवकर पाठवा."

"गाडी निघालीय. त्यांच्याशी बोलत राहा."

"घाबरू नको हं," बीप. "गाडी येतेय. हात धर माझा," पुन्हा बीप. "असा. घट्ट."

मग मागून, लांबून आल्यासारखा, एका बाईचा थकलेला आवाज. यंत्राने न बदललेला. "ऐका ना..."

आणि तिथून लांबच लांब बीप. तो थांबला तेव्हा गाडीचा भोंगा जवळ आला होता आणि टेप संपली.

"मलाही असंच म्हणायची," बेकरीवाला म्हणाला. "काही सांगायचं असलं की आधी 'ऐका ना'. पुढचं कुणी नेलं साहेब?"

खोडरबरने लगेच दप्तरखान्यातून मूळ टेप मागवली. शिपाई गेला आणि हात हलवत परत आला. मूळ टेप जागेवर नव्हती.

२

खात्यात टेपेला हात लागणारी माणसं तीनच.

पहिला कलमदादा. काय झाकायचं ते ठरवणारा माहिती अधिकारी हाच. नाकावर चष्मा, तोंडात कायद्याची कलमं.

"नाव, पत्ता आणि आवाज. एवढंच झाकायला सांगितलं मी, आणि प्रत्येकाखाली कलम लिहिलं. कलम लिहिल्याशिवाय मी चहालासुद्धा जात नाही, तुम्हाला माहितेय."

हे खरंच होतं. वर त्याने एक भर घातली. अर्जदाराच्या मेहुणीने, म्हणजे गेलेल्या बाईच्या धाकट्या बहिणीने, टेप देऊ नये म्हणून हरकत घेतली होती. ती फेटाळली तेव्हा ती दप्तरखान्यात जाऊन बराच वेळ बसली होती.

दुसरा कानसेन. गळ्यात कायम हेडफोन, आणि कान इतका तयार की जिन्यावरच्या पावलांवरून माणूस ओळखावा. त्याने बेकरीवाल्याची कॅसेट ऐकली आणि मध्येच थांबवली.

"साहेब, नाव आणि पत्ता, हे दोन बीप माझे. बारीक आहेत बघा. बाकीचे माझे नाहीत. घोगरे आहेत, जुन्या यंत्राचे. माझ्या कॅसेटवर कुणीतरी नंतर हात चालवलाय."

"तुझ्याकडची प्रत?"

"नियमाप्रमाणे पुसली. आणि मूळ टेप अक्कांना परत दिली, कॅसेटही टपालात टाकायला त्यांच्याच खोलीत ठेवली."

"ते जुनं यंत्र कुठे असतं?"

"अक्कांच्याच खोलीत, कापड घालून. मी यायच्या आधी झाकायचं काम त्याच करायच्या ना. भंगारात द्या म्हटलं तर अंगावर येतात. पण ती खोली दिवसभर उघडी असते साहेब, कुणीही बसावं तिथे."

तिसरी अक्का. दप्तरखान्याची राखण करता करता केस पिकलेली बाई. खात्यातल्या मोठ्यातल्या मोठ्या साहेबालाही ती अरेतुरे करी आणि कुणाला त्याचं काही वाटत नसे.

"ये राजा, बस. ती खुर्ची नको, डुगडुगते."

खोडरबर दुसऱ्या खुर्चीवर बसला. टेबल लख्ख होतं. एका कोपऱ्यात पावाची तपकिरी पिशवी नीट घडी करून ठेवलेली. मागे छतापर्यंत मांडण्या, प्रत्येकीवर अक्काच्या गोल अक्षरातली पाटी. वर्षांच्या पाट्या, खात्यांच्या पाट्या. अगदी वरच्या मांडणीवर 'तिसऱ्या व्यक्तीची संमती बाकी' अशी एक पाटी, आणि तिच्यावर बोटभर धूळ. तिसऱ्या व्यक्तीला संमती विचारणारी पत्रं जायची खरी; उत्तर द्यायला कोण मोकळं बसलंय?

"टेप आली परत?"

"आली ना. जागेवर ठेवली. मग बघते तर नाही." तिने खण ओढला. तो अडकला. "चल राजा, उघड, साहेब थांबलेत." खण उघडला. आत चाव्यांशिवाय काही नव्हतं.

"तुम्ही ऐकली होतीत?"

"मी? आम्ही नुसतं सांभाळतो. ऐकणं कानसेनचं काम." तिने खण लावला. "ती बहीण आली होती हो. फार रडली. मी पाणी आणायला बाहेर गेले तेवढ्यात..."

खोडरबर उठला आणि मेहुणीचा पत्ता घेऊन बाहेर पडला.

३

मेहुणी कपडे शिवायची. दुकान रस्त्याला लागून. आत एक यंत्र, एक आरसा आणि गळ्यात मापाची टेप टाकलेली ती. खोडरबर कोण हे कळल्यावर तिने शिलाई थांबवली नाही.

"मी हरकत घेतली, बरोबर. ताईचं मरण रोज कानाला लावून बसणार का भावजी? जगायचं की नाही माणसाने?"

"एवढंच कारण?"

यंत्र थांबलं.

"आमचं बोलणं बंद होतं," ती म्हणाली. "कारण विचारू नका, सांगायच्या लायकीचं नाही. ताई गेली ती अबोला ठेवूनच. शेवटी माझ्याबद्दल काही वाईट बोलली असेल, आणि ते त्यांनी ऐकलं... मला भीती वाटली."

"म्हणून टेप उचललीत?"

"हातात घेतली होती. खोटं कशाला बोलू? अक्का पाणी आणायला गेल्या तेव्हा समोरच होती. वाटलं, टाकावी पिशवीत." तिने डोळे पुसले, तेही कापडाच्याच कडेने. "नाही हो जमलं. आवाज आहे तिचा त्यात. परत ठेवली. अक्का आल्या, तर मी त्यांनाच म्हटलं, काय बोलली असेल हो ती माझ्याबद्दल? त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाल्या, वेडी की काय, कुणाबद्दल एक वाईट शब्द नाही काढला तिने."

खोडरबर दारात थबकला.

"असं म्हणाल्या? ह्याच शब्दांत?"

"हो. म्हणून तर बरं वाटलं. का?"

टेप न ऐकलेल्या बाईला हे ठाऊक कसं, हा प्रश्न घेऊन तो रस्त्याला लागला.

४

एक उत्तर मात्र त्याला बेकरीवाल्याकडूनच हवं होतं. दार उघडलं तशी वरची घंटा किणकिणली. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. भट्टीची ऊब काऊंटरपर्यंत येत होती.

"त्या स्टॉपवर त्या कशाला गेल्या होत्या?"

"तेच तर कोडं आहे साहेब. तो भाग मोठ्या दुकानांचा. आमचं तिकडे काय काम? त्या दिवशी सकाळी आमचं जरा वाजलं होतं. मी म्हणत होतो, एकदा दुकान बंद ठेवू, समुद्र बघून येऊ. लग्न झाल्यापासून म्हणत होतो. ती म्हणायची, दुकान बंद ठेवून समुद्र कोण बघतं, पाणीच आहे ते. त्या दिवशी मी तिकिटंच आणून पुढ्यात ठेवली. ती काही बोलली नाही. एप्रन काढला आणि निघून गेली. रागावली असणार." त्याने स्वच्छ काऊंटर पुन्हा पुसला. "रागातच गेली, हेच डोक्यातून जात नाही."

काऊंटरच्या मागे खिळ्याला एक रुंद काठाची गवती टोपी टांगली होती. बायकी. काठावर पिठाचा थर बसू नये म्हणून कुणीतरी ती नेहमी झटकत असावं.

"ही?"

"ती कुणाचीतरी आहे. दवाखान्याने बायकोचं सामान दिलं त्या पिशवीत आली, चुकून. ती कुठली टोपी घालतेय? टोपीवाल्या बायका दिसल्या की पोट धरून हसायची. ज्याची असेल तो येईल न्यायला म्हणून ठेवलीय."

"आलं कुणी?"

"नाही. गिऱ्हाईकं विचारतात कधी, कुणाची म्हणून. एक म्हाताऱ्या बाई तर पाव घेऊन झाला तरी टोपीकडे बघत उभ्या राहतात. किती वर्षं येतात त्या! मी विचारतो, अजून काही देऊ का? तर म्हणतात, 'नको राजा, काही नाही.' आणि जातात."

खोडरबर टोपीकडे बघत राहिला. कॅसेट त्याच्या कानात आपोआप सुरू झाली होती. घाबरू नको हं, बीप. हात धर माझा, बीप. धीर द्यायच्या वाक्यात खासगी असं काय असणार, याने तो इतके दिवस हैराण झाला होता. आता त्या दोन्ही जागी त्याने एकच शब्द ठेवून पाहिला. चपखल बसला.

"पाव नाही का घेत साहेब?" बेकरीवाल्याने मागून विचारलं. साहेब रस्त्यावर पोचले होते.

५

अक्का मांडणीवरची धूळ पुसत होती. खोडरबर न सांगता डुगडुगत्या खुर्चीवरच बसला.

"ऐका अक्का. बाहेरच्या माणसाने ही करामत केली असती, तर नको तो भाग कापून टोकं जोडून टाकली असती. त्या बिचाऱ्याला पत्ताही लागला नसता. इथे बीप आहे. झाकलं की बीप टाकायचा, ऐकणाऱ्याला समजलं पाहिजे की काहीतरी झाकलंय. ही आपल्या खात्याची खोड. म्हणजे माणूस आतला."

अक्काने फडकं पिळलं. ते कोरडं होतं.

"कलमदादा कलमाशिवाय झाकत नाही. कानसेनचं जुन्या यंत्राशी वाकडं. आणि लांब बीप एक वेळ सोडा, ते छोटे बीप कशावर? असा शब्द, जो कुणाच्याही तोंडी असतो, कुणाची गुपितं त्यात नाहीत. पण आवाज कितीही जाडा केला तरी त्या एका शब्दावरून अख्ख्या खात्याने एक माणूस ओळखला असता. ज्याच्यासाठी तो शब्द खासगी, त्यानेच तो झाकला. फोन तुम्ही केला होतात, अक्का."

मग अक्का म्हणाली, "टेप मी जाळली, असं वाटतंय का तुला?"

"तुम्ही? साधी पावती मुदतीआधी फाडली तर तुम्हाला जेवण जात नाही." तो उठला, शिडी ओढली आणि अगदी वरच्या मांडणीवर हात घातला. पाटीवर धूळ होती, पण एका जागेवरची पुसलेली. टेप तिथेच होती. तिसऱ्या व्यक्तीची संमती बाकी. अगदी नियमात.

अक्का त्या डुगडुगत्या खुर्चीवर बसली.

"मी सांगते म्हणाले होते तिला. शब्द दिला होता. दुकान पुन्हा उघडलं त्याच दिवशी गेले बेकरीत. तो टोपी खिळ्याला अडकवत होता आणि कुणाला तरी सांगत होता, कुणाचीतरी आहे, चुकून आलीय. मला म्हणाला, काय देऊ? माझ्या तोंडून निघालं, एक पाव. म्हटलं, पुढच्या खेपेला सांगू, जरा सावरू दे. पुढच्या खेपेला वाटलं, इतके दिवस का नाही सांगितलं विचारेल. मग तेच वाढत गेलं राजा. दर वेळी निघताना घोकत जायची आणि पाव घेऊन यायची. आणि शेवटी त्याचा अर्जच माझ्या टेबलावर आला."

"'ऐका ना' का ठेवलंत मग?"

"तेवढं तरी मिळू दे म्हटलं त्याला." ती रडत होती. "आवाज होता ना तो तिचा."

खोडरबर शिडीला टेकून उभा राहिला. रागवायचं त्याच्या मनात होतं, आणि राग काही येईना. शेवटी त्याने साहेबाचा आवाज काढला, कारण दुसरा कुठला त्याला सापडला नाही.

"निकाल ऐका. तुमचं नाव, पत्ता, आवाज आणि तो शब्द, हे सगळं तुमचं. झाकलेलंच राहील. माझ्या तोंडून त्याला कधी कळणार नाही. कायद्याने माझे हात बांधलेत आणि ते योग्यच आहे. पण त्या बाईचे शब्द तुमचे नाहीत अक्का. ते तुमच्याकडे सांभाळायला होते. ते उद्या जातील." तो जरा थांबला. "आणि एक विचारायला मी बांधलेला आहे. तिसऱ्या व्यक्तीची संमती आहे का?"

अक्का फडक्याची घडी करत राहिली.

६

दुसऱ्या दिवशी खोडरबर कॅसेट घेऊन स्वतःच बेकरीत गेला. टपालाने पाठवायचं त्याच्या जिवावर आलं. मेहुणीलाही बेकरीवाल्याने बोलावून घेतलं होतं. ती भिंतीला पाठ लावून उभी होती. टेपरेकॉर्डर काऊंटरवर, वजनकाट्याशेजारी.

घाबरू नको हं, बीप. हात धर माझा, बीप.

"ऐका ना..." आणि या वेळी बीप आला नाही. "आमची बेकरी आहे... कोपऱ्यावर. त्यांना सांगाल? टोपी घेतली म्हणावं. मोठी, काठाची. समुद्रावर ऊन असतं ना... येते म्हणावं मी. रागावले नव्हते. चांगली टोपी घेऊनच सांगणार होते..."

"सांगते," बीप, "नक्की सांगते."

भोंगा जवळ आला आणि टेप संपली. मेहुणीने तोंडावर पदर दाबला होता. बेकरीवाल्याने वळून पाहिलं नाही. टोपी त्याच्या पाठीमागेच होती आणि त्याला वळवत नव्हतं.

"कुणाचीतरी म्हणत होतो मी," तो म्हणाला. "ज्याला त्याला तेच सांगत आलो."

खोडरबरला काहीतरी बोलावंसं वाटलं. तेवढ्यात दारावरची घंटा किणकिणली. उंबऱ्यावर अक्का उभी होती, हातात घडी केलेली तपकिरी पिशवी. बेकरीवाल्याने सवयीने डोळे पुसले, सवयीने पावाकडे हात नेला.

"आज पाव नको, राजा," ती म्हणाली. "सांगते म्हणाले होते तिला. उशीर झाला मला. फार उशीर झाला."

बेकरीवाला तिच्याकडे बघत राहिला. टेपमधल्या त्या बीपच्या जागी 'राजा' किती चपखल बसतो, हे बहुधा त्याच्याही कानाला कळलं होतं. खोडरबरने काऊंटरच्या कडेला हात टेकला. आता हा माणूस ओरडला असता तर ते त्याच्या हक्काचंच होतं.

"तुम्ही हात धरला होतात तिचा?" बेकरीवाल्याने विचारलं.

"गाडीत घालेपर्यंत."

"टेपमध्ये नाही असं काही बोलली?"

"फोन ठेवल्यावर बोलली थोडं. म्हणाली, टोपीत बघून हसतील मला. मी म्हटलं, हसू दे की. तर म्हणाली, हसू देच. फार दिवसांत हसले नाहीत ते."

बेकरीवाला हसला. हसता हसताच त्याला रडू कोसळलं, आणि अक्का काऊंटरला वळसा घालून आत गेली आणि तिने त्याचा हात धरला. असा. घट्ट. मेहुणीने पुढे होऊन खिळ्यावरची टोपी काढली, तिच्या काठावर फुंकर मारली आणि त्याच्या हातात दिली. खोडरबर काचेतून रस्त्याकडे बघत होता. आईची हाक त्याला अजूनही आठवत नव्हती, पण आज ती आठवावी म्हणून तो मनापासून प्रयत्न करत होता.

घंटा पुन्हा वाजली. एक नवखी बाई आत आली, बिस्किटं मागितली, आणि बेकरीवाल्याच्या हाताकडे बघून म्हणाली, "अय्या, छान आहे टोपी. कुणाची हो?"

"माझ्या बायकोची," बेकरीवाला म्हणाला. "आणि बिस्किटं जास्त घेऊन ठेवा. उद्या दुकान बंद आहे."